चुलीचा माणूस

आमच्या नाल्याची माहिती विचारायला धुळ्याहून अधूनमधून माणसं येतात. ओट्यावर बसतात, चहा पितात आणि विचारतात, आजी, त्या काळी गावानं एक पैसा न घेता, कुणी सांगितल्यावाचून एवढा नाला कसा सांभाळला हो? किती मोठ्या मनाची माणसं असतील! मोठ्या मनाची म्हणे. नाला सांभाळला हे खरं, ते मी कुणापुढेही सांगेन. पण त्या माणसांना माझ्यासमोर साधुसंत म्हणू नये. माझं डोकं फिरतं.

नाला गावाच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांतून येतो आणि खाली पांझरेला मिळतो. गावाच्या वरच्या अंगाला त्यावर जुना दगडी बंधारा आहे. त्या बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखाली आमच्या जमिनी. पाटाचं पाणी असेल त्याला गहू, हरभरा, मिरची. नसेल त्यानं बाजरी पेरावी आणि आभाळाकडे बघत बसावं. या सगळ्याची राखण गावच करी. काठावरचा करंज तोडायचा नाही. काठावर बकऱ्या चारायच्या नाहीत. टेकडीच्या उतरणीवर नांगर घालायचा नाही, कारण तिथली माती सुटली की थेट बंधाऱ्यात येऊन बसते. आणि पोळा झाला, नाल्याचा पूर ओसरला, की दसऱ्याच्या आत पाटातला गाळ काढायचा.

गाळ काढायची वेळ आली की जागल्या, म्हणजे पाटाचा राखणदार, दारोदार हाळी देत फिरे, "चुलीचा माणूस!" एका चुलीमागे एक माणूस. मजूर लावलेला चालत नसे. त्या चुलीवरची भाकर खाणारा घरचाच माणूस लागे. प्रत्येक चुलीला पाटाचा एक तुकडा ठरवून दिलेला होता, त्याला वाटा म्हणत. आपापला वाटा साफ झाला, पाणी सोडलं, ते शेवटपर्यंत पोचलं, की बंधाऱ्यावर वरण-बट्टीची पंगत बसे. पंगतीत ज्याची पत्रावळ पडली त्याच्या चुलीला वर्षभर पाणी. ज्याची पडली नाही त्याची चूल मोडली. पुढे सरकारी माणसं श्रमदान, श्रमदान म्हणून गावोगाव सांगत आली तेव्हा मला हसूच आलं. दान कसलं डोंबलाचं? न गेलात तर पाणी बंद.

माझा नवरा गेला तेव्हा स्वराज्य येऊन चारपाच वर्षं झाली होती. आषाढात ताप आला आणि तीन पाऊस पडायच्या आत माणूस नाहीसा झाला. पदरात एक मुलगी, ती अजून रांगत होती. त्याची आणि त्याच्या थोरल्या भावाची, म्हणजे माझ्या जेठाची, वाटणी त्याच्या हयातीतच झाली होती. शेत वेगळं, घर मधोमध भिंत घालून वेगळं, चूल वेगळी. पाटातला वाटासुद्धा दोघांनी विभागून घेतला होता आणि मध्ये एक काळा दगड रोवला होता. दगडाच्या अलीकडचा सरळ, सोपा तुकडा जेठानं घेतला. पलीकडचं वळण माझ्या नवऱ्याच्या गळ्यात मारलं. सगळ्या पाटातला गाळ त्या वळणावर येऊन बसतो आणि त्यात लव्हाळा असा माजतो की विळा बोथट होतो. माझा नवरा बिचारा एक अक्षर बोलला नाही. दर वर्षी वळण उपसून काढी आणि घरी येऊन पाय शेकत बसे.

दिवसकार्य झालं आणि जेठ माझ्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "आते चूल एकच करू. तुन्ही येगळी कसाले?" आवाज इतका गोड की मला तिथंच कळलं. चूल एक झाली की माझ्या शेताचं पाणी त्याचं. पाणी त्याचं झालं की शेत त्याचंच, आणि मी आणि माझी पोर त्याच्या बायकोच्या हाताखाली भांडी घासायला. आयत्या बिळात नागोबा! मी म्हटलं, "माझी चूल पेटती आहे, भाऊ. विझली की सांगीन." त्या दिवसापासून ते घर माझं वैरी झालं.

जेठाला ठाऊक होतं की मला बोलून हरवता येणार नाही. पण माझ्या घरात पुरुष नव्हता. पोळ्यानंतर जागल्याची हाळी येईल, माझ्या चुलीचा माणूस जाणार नाही, पंगतीत पत्रावळ पडणार नाही आणि गावच माझी चूल मोडून देईल. त्याला हात हलवायचीही गरज नव्हती. माझा भाऊ यावलकडून केळीची कामं सोडून धावत आला. पाटात उतरायच्या आधीच त्याला लोकांनी परत फिरवलं. "माहेरना माणूस या चुलना नही," म्हणाले. त्याच्या बोलण्याच्या नकला केल्या, हसले. तो रडवेला होऊन बसला आणि मी त्याला म्हटलं, जा तू, तुझ्या केळी वाळतील.

दुसऱ्या दिवशी जागल्या आमच्या गल्लीत आला. जेठाच्या दारात उभा राहून ओरडला, "चुलीचा माणूस!" माझ्या दारापुढून मान खाली घालून निघून गेला. मी पोरीला शेजारच्या म्हातारीजवळ ठेवली, नवऱ्याचं पावडं घेतलं, टोपलं घेतलं आणि पाटावर गेले.

बैलांच्या शिंगांना पोळ्याचा हिंगूळ अजून तसाच होता. माणसं पाटात ओळीनं वाकलेली. मी वळणावर उतरले, पदर खोचला आणि पहिलं पावडं गाळात मारलं. तशी ओळच्या ओळ उभी राहिली. एक जण ओरडला, "पदर त खोचा, आते मिशा बी लाव!" सगळे खिदळले. आणि मग एकेक करून पाटातून वर चढले. बाई पाटात आहे तोवर आम्ही उतरणार नाही म्हणे. काही जणांनी तर माझ्या बाजूला थुंकलं. आदल्याच हिवाळ्यात याच माणसांच्या ओळीत उभी राहून मी मत दिलं होतं, बोटाला शाई लावून घेतली होती. मत द्यायला बाई चालते आणि गाळ काढायला चालत नाही!

माझी सासू जेठाकडे राहायची. ती तिथवर चालत आली. काठावर उभी राहून म्हणाली, "मन्हा पोऱ्याले खादं, आते पाटले खाशी." पोटच्या पोराचं दुःख होतं तिला, हे मला कळत होतं. पण माझ्या दुःखाचं काय? त्या क्षणी मला तिचा इतका राग आला की पुढचं पावडं मी दांड्यापर्यंत गाळात मारलं.

मग पंचांतले आबा आले. पाटाचा शेवटचा शब्द त्यांचा. पांढऱ्या मिशा, खांद्यावर उपरणं, आणि आवाज असा की बैलसुद्धा थांबावा. त्यांनी जेठाला विचारलं. जेठ हात जोडून म्हणाला, की आबा, चूल एकच शे, हाई मन्हाच घरमा जेवस. धडधडीत खोटं! माझ्या घरातला धूर अख्ख्या गल्लीला दिसत होता. मी माणसांकडे पाहिलं, कुणीतरी बोलेल म्हणून. एकही मायेचा पूत बोलला नाही.

"चूल एक, माणूस एक," आबा मला म्हणाले. "घर जाय, पोरी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी खाली पडू दिलं नाही. मी विचारलं, "जासू आबा. पन मन्हा वाटा कोन काढी?"

"तुन्हा जेठ काढी."

"बठ्ठा? वळण बी?"

"बठ्ठा."

मी जेठाकडे वळले. "आयकं का भाऊ? दगडाच्या अलीकडचाही आणि पलीकडचाही. चूल एक, वाटा एक." त्यानं मान डोलावली आणि माणसांकडे बघून डोळा मारला. मी पाटातून वर आले, पाय धुतले, आणि घरी न जाता वळणासमोरच्या करंजाखाली बसले. बसायला तर कुणाची बंदी नव्हती.

रोज जाऊन बसू लागले. पोरीला काखेत घ्यायची, भाकर फडक्यात बांधायची आणि करंजाखाली जाऊन बसायचं. पहिल्या दिवशी तीन दगड मांडून मी तिथंच काठावर चूल पेटवली आणि भाकर थापली. धूर सगळ्या पाटावर पसरला. खोकू देत मेल्यांना! माझी चूल कुठं आहे ते दिसू दे. बाया पाणी भरायला जाता जाता नाक मुरडत. "बाई पाटमा उतरनी, आते देख पानी आटस का नही," असं मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं बोलत. ज्या बायांच्या बाळंतपणात मी रात्र रात्र जागले, त्याच बाया. मी उत्तर देत नव्हते. एकदाच दिलं. जेठाणीच्या बकऱ्या काठावरचा कोवळा करंज कुरतडायला आल्या, तेव्हा मी दगड मारून त्या पार तिच्या दारापर्यंत पिटाळल्या. म्हटलं, काठ राखायचा गावाचा नियम आहे, का तो पण माझ्याच घरापुरता?

जेठ आपला सरळ तुकडा छान काढी. त्याचं काम वाईट नव्हतं, ते मी म्हणणार नाही. तळ साफ, कडा कातीव, एक मुळी शिल्लक नाही. पण काळ्या दगडापाशी आलं की पावडं थांबायचं. इतकी वर्षं ते तिथंच थांबत आलं होतं. वळणाकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा आणि घाम पुसत वर चढायचा. त्याला वाटत होतं की बाईमाणूस आहे, गाळ बघून हिचा जीव राहणार नाही, एक दिवस स्वतःच उतरेल आणि फुकटात वळण काढून देईल. तसं झालं असतं तर काम माझं आणि पाणी त्याचं.

आणि खरं सांगते, जीव राहत नव्हता. त्या वळणावर माझा नवरा कमरेत वाकून घाम गाळायचा. सासऱ्यानं लावलेले करंज त्या काठाची माती धरून उभे होते. तिथं गाळ साठलेला बघून माझे हात शिवशिवायचे. पण मी पोरीला घट्ट धरून बसून राहिले. उतरले असते तर मेलेच असते.

पाणी सोडायच्या आदल्या दिवशी आबा पाट बघायला निघणार होते. त्या सकाळी जेठ विळा घेऊन वळणावर आला आणि वरचा वरचा लव्हाळा सपासप कापून टाकला. मुळ्या तशाच, गाळ तसाच. वर दोनचार टोपल्या ओली माती सारवल्यासारखी पसरली. झाला पाट साफ! आबा काठाकाठानं चालत आले, वरूनच बघितलं आणि मान हलवली.

मी उठून पुढं गेले. म्हटलं, "आबा, वरून नका बघू. खाली उतरा आणि काठी घालून बघा."

आबांच्या कपाळाची शीर उडाली. सगळ्यांदेखत एका रांडमुंड बाईनं सांगितलं की उतरा! "तू माले शिकाडू नको," म्हणाले आणि पुढं निघून गेले. जेठ मागून हसत गेला. मी मनात म्हटलं, नका शिकू. तुमचीच मिरची वळणाला लागून आहे.

दुसऱ्या दिवशी बंधाऱ्यावर नारळ फुटला आणि पाटाचं तोंड उघडलं. पाणी येताना सगळं गाव काठानं त्याच्याबरोबर चालतं. तांबूस फेस पुढं, मागून पाणी. सरळ तुकड्यातून ते झपाट्यानं आलं, काळा दगड ओलांडला आणि वळणावर थबकलं. फुगायला लागलं. कापलेला लव्हाळा तरंगून एका ठिकाणी गोळा झाला आणि त्याचा बोळा बसला. मागून पाणी येतच होतं. आणि मग काठ सुटला. बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं आणि सगळं पाणी आबांच्या मिरचीत घुसलं. फुलावर आलेली मिरची, तिच्या मुळाशी तळं! पाटाखालची माणसं ओरडत वर धावली, की पाणी कुठं गेलं म्हणून.

आबा उपरणं टाकून चिखलात उतरले. तोंड लालभडक. "कोना वाटा शे हा?" असे ओरडले की करंजावरचे कावळे उडाले. "कोना वाटा?"

सगळे जेठाकडे बघायला लागले. आणि त्या माणसाच्या तोंडून, इतकी वर्षं जे खरं होतं तेच बाहेर पडलं.

"मन्हा नही, आबा! दगडना अल्याडना मन्हा! पल्याडना तिन्हा शे!"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. तोंड उघडंच राहिलं.

मी करंजाखालून उठले. "आबा," मी म्हटलं, "आयकं का? पल्याडना वाटा मन्हा शे. वाटा शे त चूल बी शे."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. माफी मागतील असं वाटलं असेल तुम्हाला. नाव नका काढू. सुंभ जळतो, पीळ जळत नाही. ते एवढंच म्हणाले, "मग काढ."

पाटाचं तोंड बंद केलं. मी पावडं घेऊन उतरले. गुडघाभर पाणी, खाली पाय ओढून घेणारा गाळ आणि लव्हाळ्याच्या मुळ्या. पाटाखालची सगळी माणसं काठावर उभी होती. धडधाकट, हातात पावडी असलेली. एकानंही पाय खाली टाकला नाही. लवकर कर, लवकर कर, आमचं पाणी खोळंबलं, एवढं मात्र ओरडत होते. मी शिव्या घालत होते आणि उपसत होते. जेठाला शिव्या, आबांना शिव्या, मला असं टाकून गेला म्हणून नवऱ्यालाही. अंधार पडेपर्यंत उपसलं आणि उजाडल्यावर पुन्हा उपसलं. हाताची साल निघाली. पण तळ लागला तेव्हा मी तो पायानं चाचपून बघितला, आणि जेठाच्या तुकड्यापेक्षा साफ होता. भगदाड मात्र आबांनी जेठाकडून बुजवून घेतलं.

पाणी पुन्हा सोडलं. वळणावरून ते न थांबता गेलं. कुणी शाबास म्हणालं नाही.

मग बंधाऱ्यावर पंगत. पुरुष ओळीनं बसले, मी एका बाजूला उभी. पोर कडेवर. जागल्या पत्रावळी टाकत आला आणि माझ्यापाशी येऊन आबांकडे बघू लागला. आबा तिकडे न बघता म्हणाले, "टाक." त्यानं ती टाकली, पण ओळीच्या बाहेर, जिथं माणसांच्या वहाणा काढून ठेवल्या होत्या तिथं. वहाणांजवळ! माझ्या अंगाचा भडका उडाला. मी पत्रावळ उचलली, सगळ्या ओळीसमोरून चालत गेले आणि माझा नवरा जिथं बसायचा तिथं, जेठाच्या बाजूला, मांडी घालून बसले. पोरीला मांडीवर घेतलं.

जेठ ताडकन उठायला लागला.

"बठ," आबा म्हणाले. आवाज चढवलासुद्धा नाही. "पत्रावळवरतून उठना, त चूल उठनी."

नियमच तसा होता. पंगतीत वाढलेल्या पत्रावळीवरून जो उठतो तो पाटातून उठला. जेठ अर्धवट वाकलेला तसाच राहिला, आणि मग खाली बसला. वाढप्यानं माझ्या पत्रावळीवर बट्टी टाकली, वरण ओतलं. वरणात मीठ कमी होतं, ते मी मोठ्यानं सांगितलं. कुणी हसलं नाही. जेठ माझ्या शेजारी बसून एकेक घास गिळत होता आणि मी सावकाश जेवत होते. मुद्दाम. माझं संपेपर्यंत पंगत उठणार नव्हती. बट्टीचा कुस्करा करून पोरीला भरवला. शेवटचा कण पुसून खाल्ला आणि मगच हात धुवायला उठले.

जेठ त्यानंतर माझ्याशी मरेपर्यंत बोलला नाही. सासू बोलली, पण बोलली नसती तर बरं होतं. आबांनी पुढल्या वर्षी मिरची वळणापासून दूर लावली. आणि पोळा होऊन, पूर ओसरल्यावर, जागल्या आमच्या गल्लीत आला. जेठाच्या दारात त्यानं हाळी दिली. माझ्या दारापुढं येऊन थांबला. मी आत चुलीपुढं बसून ऐकत होते. तव्यावरची भाकर करपत होती, तरी मी उठले नाही.

"चुलीचा माणूस!" तो ओरडला.

मी पावडं घेऊन बाहेर आले.